पोट दुखलं की पहिल्याच दिवशी सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) काहून?

घाटंजीवाला: माह्या मावसभावाले पँक्रियाटायटिस झाला, म्हणजे स्वादुपिंडाले सूज. दुखणं पोटातून पाठीत जाणारं, लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम, रक्तात मोजते) नॉर्मलच्या तिपटीहून जास्त, निदान तिथंच झालं ना! मंग भरती केल्याबरोबर सीआरपी कशाले? आला 18, तं सारे नातेवाईक खूश, सूज कमी आहे म्हणे, अन् दोन दिवसांनी धाप लागली, लघवी कमी झाली. सीआरपी लिव्हरमधी बनते, चढाले वेळ लागते, खरा आकडा 48 ते 72 तासांनी दिसते. तालुक्याच्या गावी हा पैसा पाण्यातच, त्यापेक्षा यूरिया, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) अन् लघवीचं माप पहा.

दारव्ह्याचा लॅबवाला: 18 कशात होता भाऊ, लिटरमधी का डेसिलिटरमधी? काही लॅब डेसिलिटरमधी देतात, तिथं 15 म्हणजेच 150 होते अन् लोकं 15 पाहून निवांत बसतात. पहिल्या दिवसाचा बेकार हे कबूल, पण 48 तासांनी लिटरमागं 150 मिलिग्रॅमच्या वर गेला तं केस जड जायची शक्यता वाढते. नागपूरले हलवाचं का इथंच ठेवाचं, हे ठरवाले काही तं हाती पाहिजे का नाई?

घाटंजीवाला: लिटरमधीच होता, रिपोर्ट समोर आहे. अन् ज्याले धाप लागली त्याले 48 तास ठेवून घेता का?

वॉर्डातली सिस्टर: तेच म्हणते मी. नाडी 120, श्वास जोरात, बीपी खाली, अशा पेशंटले आकड्याची वाट पाहू नका, गाडी बोलवा. पावसाळ्यात स्क्रब टायफस, निमोनिया, सगळ्यांतच सीआरपी वाढते, त्यावरून स्वादुपिंडाचं काय समजणार? बीयूएन (रक्तातल्या यूरियामधला नायट्रोजन) 25 च्या वर (यूरिया साधारण 53) अन् चढत चालला, तं मले त्याचीच जास्त भीती वाटते.

मोहाविरोधी: मोहाची दारू सोडली की टेस्टच लागत नाई 😄

आर्णीकर: माह्या काकूनं जन्मात थेंब नाई घेतला, पित्ताशयात खडे निघाले! आधी सोनोग्राफी करा मंग प्रवचन द्या.

दारव्ह्याचा लॅबवाला: सीबीसीतच न्यूट्रोफिल अन् लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) असते, पहिल्याले दुसऱ्यानं भागा, फुकटात सूज समजते.

वॉर्डातली सिस्टर: फुकट आहे पण तो आकडाही कोणत्याही इन्फेक्शनमधी वाढते, स्टेरॉइड घेतलं तरी वाढते, अन् पक्की रेष कुठंच नाई. प्रोकॅल्सिटोनिनचं (हेही रक्ताचीच टेस्ट) त्याहून वेगळं, ते महाग, स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागात इन्फेक्शन झाल्याची शंका आली तं कामाचं, तरी काही ठिकाणी भरतीच्याच दिवशी बिलात लागलेलं दिसते.

दारव्ह्याचा लॅबवाला: बिलाचं मी बोलतच नाई, मी 48 तासांच्या एका सीआरपीचं म्हणून राहिलो.

घाटंजीवाला: तुमची लॅब रविवारी उघडी असते का, ते सांगा मंग पहिले.