मदत हवी आहे: एचआयव्ही काळजी व आधार केंद्रातल्या नव्या कर्मचाऱ्यांना गृहभेटीआधी काय शिकवावं?

माणदेशी
नमस्कार. आमच्या संस्थेच्या काळजी व आधार केंद्रात चार ओआरडब्ल्यू (गावोगावी जाऊन भेटणारे क्षेत्र-कार्यकर्ते) आणि एक समुपदेशक नव्याने रुजू होत आहेत. ओआरडब्ल्यूंपैकी दोघं स्वतः एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर, आहेत. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या इंडक्शनची (सुरुवातीच्या प्रशिक्षणाची) तारीख अजून आलेली नाही, पण एआरटी केंद्राची मिस (तारीख चुकलेले) आणि एलएफयू (उपचारातून सुटलेले) यादी हातात आली आहे. इंडक्शनपर्यंत थांबलो तर यादीतली माणसं आणखी लांब जातील. गृहभेटीला पाठवण्याआधी काय पक्कं करून घ्यावं? औषधांबद्दल ओआरडब्ल्यूला किती सांगावं? सुई टोचल्यास काय करायचं, हेही आत्ताच शिकवावं का?

सदाफुली
पहिला सगळा वेळ गोपनीयतेला द्या, गोळ्यांची नावं नंतर. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नुसती कलमं वाचून दाखवली तर दारात उभं राहिल्यावर काहीच आठवत नाही, म्हणून प्रसंग करून घ्या. सासू दार उघडते आणि विचारते, 'कोण पाहिजे? कुठून आलात?' नवा माणूस हमखास सांगतो, 'सरकारी दवाखान्यातून, त्यांच्या गोळ्या राहिल्यात.' तिथेच घात झाला. गोळ्या, तारीख, एआरटी, तपासणी यातला एकही शब्द त्या व्यक्तीशिवाय कुणासमोर निघता कामा नये. घरी नसेल तर 'नंतर येतो' म्हणून निघायचं. निरोप ठेवायचा नाही, शेजारी चौकशी करायची नाही, चिठ्ठी तर नाहीच.

याची तयारी नोंदणीच्या वेळीच होते. घरी आलेलं चालेल का, कोणत्या वेळी, फोन कोण उचलतं, विचारलं तर ओळख काय सांगायची, हे त्या व्यक्तीलाच विचारून फाइलवर लिहा. 'घरी नको' म्हटलं असेल तर एसटी स्टँडवर भेटा, बाजाराच्या दिवशी भेटा, पण घरी जाऊ नका. लाल फितीची (एचआयव्हीची खूण असलेली) पिशवी, संस्थेचं नाव छापलेली टोपी, जीप दारापर्यंत नेणं, सगळं बंद. यादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं हा गोपनीयतेचा सरळ भंग आहे आणि सर्वात जास्त तेच घडतं. कागदावर फक्त त्या दिवसाच्या भेटी न्याव्यात, संध्याकाळी परत जमा कराव्यात.

गोळीबाराखडी
यादीबद्दल. नियत तारीख चुकली की मिस, सलग तीन महिने आला नाही की एलएफयू. पण यादीतला प्रत्येक जण खरोखर सुटलेला असतोच असं नाही. कुणी दुसऱ्या केंद्रात बदली घेतलेली असते, कुणी लिंक एआरटीतून (मुख्य केंद्राला जोडलेल्या जवळच्या उपकेंद्रातून) औषध नेलेलं असतं आणि नोंद मागे राहिलेली असते, कुणाला तीन महिन्यांच्या गोळ्या दिलेल्या असतात आणि पुढची तारीख मात्र एका महिन्याची पडलेली असते. भेटीला निघण्याआधी एआरटी केंद्राच्या डेटा मॅनेजरबरोबर बसून यादी चाळा. नियमित औषध घेणाऱ्याच्या दारात 'तुम्ही येत नाही' म्हणून जाणं फार दुखावणारं असतं.

औषधांत ओआरडब्ल्यूला टीएलडीचं (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असलेली गोळी) एवढं यावं: रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी. अ‍ॅसिडिटीचं अँटासिड, कॅल्शियम, लोह यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची, नाहीतर डोल्युटेग्राविर अंगी नीट लागत नाही. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर 50 ची आणखी एक गोळी बारा तासांनी असते. घरात दोन बाटल्या दिसल्या की 'चुकून जास्त दिल्या' समजून ओआरडब्ल्यूने एक बंद करायला सांगितली, तर औषध कमी पडतं. डोस बदलायचा अधिकार फक्त डॉक्टरांचा. प्रत्येक भेटीत टीबीचे चार प्रश्न विचारा: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. एकाचं उत्तर 'हो' आलं तरी केंद्रात पाठवा.

गोळ्या मोजणं समुपदेशकाकडून कागदावर करून घ्या. मागच्या 2 शिल्लक, नवी बाटली 30 ची, आला 28 दिवसांनी, हातात 4. घेतल्या 32 वजा 4 म्हणजे 28, नियमितता 100 टक्के. मागच्या दोन धरायला विसरलात तर 26 भागिले 28, सुमारे 93 टक्के. नियमिततेची रेषा 95 टक्क्यांची आहे, म्हणजे सगळ्या गोळ्या घेतलेल्या माणसाला उगाच बोलणी बसतात. उलटही होतं. बाटली रिकामी दिसली म्हणून गोळ्या पोटात गेल्या असं नाही. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) 1000 च्या वर आला तर समुपदेशन वाढवून तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. तोवर रागावणं नको, कोणत्या वेळेची गोळी चुकते ते शोधा.

वॉर्डनर्स
सुई टोचण्याचं आत्ताच शिकवा, ते टाळू नका. जखम साबण-पाण्याने धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, ब्लीच किंवा स्पिरिट ओतायचं नाही. डोळ्यात उडालं तर साध्या पाण्याने धुवायचं. पीईपीचा (लागण टाळण्यासाठी टोचल्यानंतर घ्यायच्या औषधांचा) पहिला डोस शक्यतो दोन तासांत, 72 तासांनंतर उपयोग नाही, कोर्स 28 दिवसांचा. रक्ततपासणी लगेच, मग सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने. ज्याच्या रक्ताची सुई टोचली त्याचा रिपोर्ट येईपर्यंत पहिला डोस अडवून धरू नये. जवळचं कोणतं रुग्णालय रात्री पीईपी देतं आणि तिथे कुणाला भेटायचं, हे विचारून भिंतीवर लावा. दुपारी चारनंतर टोचलं की सगळे इथेच अडतात. हिपॅटायटिस बी ची लस (0, 1, 6 महिने) कामावर घेतानाच सुरू करा.

माणदेशी
सगळ्यांचे आभार. आणखी दोन गोष्टी. नवरा बायकोला सांगत नसेल तर ओआरडब्ल्यूने सांगावं का? आणि जे दोघं स्वतः पॉझिटिव्ह आहेत, त्यांनी भेटीत ते सांगायचं का?

सदाफुली
पहिल्याचं उत्तर स्पष्ट 'नाही'. कायद्यानुसार जोडीदाराला सांगण्याची मुभा फक्त डॉक्टर आणि समुपदेशक यांना, तीही अटींवर: जोडीदाराला खरा धोका असावा, त्या व्यक्तीला आधी समजावलेलं असावं, तरीही ती सांगणार नाही अशी खात्री व्हावी, आपण सांगणार आहोत हे तिला कळवावं आणि जोडीदाराला समोरासमोर, समुपदेशन करूनच सांगावं. बाईला मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल तर आधी तो विचार. ओआरडब्ल्यूने 'समुपदेशकाकडे जोडीने या' एवढंच म्हणावं.

दुसरं त्या दोघांचं त्यांनी ठरवावं, संस्थेने नाही. सहकाऱ्याचं स्टेटस सांगून समोरच्याला धीर देणं हाही भंगच. स्वतःहून सांगायचं असेल तर कुणासमोर, किती, आणि गावात बोभाटा झाला तर काय, यावर त्यांच्याशी एकट्याने बोला. त्यांची स्वतःची औषधाची तारीख आणि क्षेत्रदिवस एकमेकांवर येऊ देऊ नका, कामाच्या ओढीत स्वतःच्याच गोळ्या राहतात.

गोळीबाराखडी
आणि पहिल्या भेटी जुन्या कार्यकर्त्याबरोबर, नव्याने फक्त पाहायचं. पुढच्या भेटींत नव्याने बोलायचं, जुन्याने गप्प बसायचं. एकट्याला पाठवण्याआधी वरची सासूची परीक्षा पुन्हा घ्या, या वेळी दारात लहान मूल उभं करा. मुलापुढे माणूस बेसावध बोलून जातो.