आपल्या कवितेत बाई एक तर कामात असते, नाहीतर गेलेली असते

दांडियाबाजारची लेक

गेल्या मार्गशीर्षात आई गेली. तेराव्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकाच्या काकूंनी विचारलं, "त्यांच्या आवडीचं काय करायचं पानावर?" आम्ही चार भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो. थोरला भाऊ म्हणाला, "तिला सगळंच चालायचं." शेवटी समोरच्या बेननी सांगितलं, थंडीत पोंक आला की तुमची आई दुपारी ओटल्यावर एकटी बसून लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर वाटीभर खायची. (बडोद्याबाहेरच्यांसाठी: पोंक म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हुरडा, ओटला म्हणजे घरापुढचा ओटा.) बेननीच तो आणला आणि दुसऱ्या दिवशी पानावर वाढला गेला. मी त्या घरात लहानाची मोठी झाले, लग्नानंतरही दर आठवड्याला जात होते, आणि मला हे माहीत नव्हतं.

त्याच दुपारी एका नातेवाईकांनी 'स्वामी तिन्ही जगाचा आईविना भिकारी' म्हटलं. सगळे रडले, मीही रडले. पण रडून झाल्यावर ती ओळ टोचायला लागली. यशवंतांची 'आई' ही आपल्या गावची कविता म्हणावी इतकी जवळची, ते १९४० पासून बडोद्याचे राजकवी होते. लहानपणापासून ती पाठ आहे. त्या रात्री मनात पुन्हा म्हणून पाहिली. चिमणी आहे, गाय आहे, वासरू आहे. आई कुठे आहे? तिचं नाक-डोळे, तिचा राग, तिची आवड? पोरक्या मुलाचं दुःख आहे, ते खरं आहे. पण जी गेली ती कोण होती, हे त्या कवितेला ठाऊक नाही. जसं आम्हाला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे शनिवारी पाच-सहा जण कविता वाचायला जमतात. गेल्या शनिवारी विंदा करंदीकरांची 'झपताल' वाचली. पहाटेपासून घरात राबणाऱ्या बायकोकडे बघून नवऱ्याने लिहिलेली. चूल सारवणारी, बाळाला पाजणारी, घरभर भिरभिरणारी ती, आणि शेवटी तो म्हणतो की दहा फुटी खोलीत दिवसाच्या चोवीस मात्रा बसवण्याची तुझी किमया मला अजून समजलेली नाही. सगळे 'वा' म्हणाले. मी म्हणू शकले नाही. इतकं बारकाईने बघणाऱ्या माणसाने एकदाही तिला खाली बस म्हटलेलं नाही.

म्हणून माझं मत मांडते. लग्न आणि घर यांवरच्या आपल्या नावाजलेल्या कवितांत बाई दिसते ती काम करताना, नाहीतर मेल्यावर. मधली, ओटल्यावर पोंक खाणारी बाई कवितेत येत नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा, फक्त ओळीवर बोट ठेवून लिहा.

ठेक्याचा माणूस

ताई, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण 'झपताल'बद्दल तुम्ही म्हणता ते मला मुळीच मान्य नाही. संगीतकार मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली त्या गावात बसून आपण कवितेचं शीर्षकच सोडून द्यावं, याचं दुःख होतं.

मी बत्तीस वर्षं तबला शिकवतो. झपताल दहा मात्रांचा. दोन-तीन-दोन-तीन असे खंड: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. आता कवितेतली खोली बघा, ती दहा फुटी आहे. बारा नाही, आठ नाही. आणि दिवस चोवीस मात्रांचा. दहाच्या आवर्तनात चोवीस बसवून बघा. दोन आवर्तनं होतात आणि चार मात्रा वर उरतात, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हुकते. कुठल्याही वादकाला विचारा, असा हिशोब समेवर आणायला काय लागतं ते. ती बाई तो रोज आणते. हे 'किती राबते बिचारी' असं कौतुक नाही. एका कलावंताने दुसऱ्या, आपल्यापेक्षा मोठ्या कलावंतासमोर कानाला हात लावणं आहे.

दुसरं. त्या कवितेत कवी स्वतः कुठे आहे? त्याची स्वप्नं मांजरासारखी तिच्या पायांत लुडबुडतात, ती त्यांची मान चिमटीत धरून बाजूला करते, आणि पोरांच्या मंमंमधला उरलेला घास त्यांना मिळतो. म्हणजे स्वतःची जागा त्याने तिच्या पायांशी दाखवली आहे. उगवता सूर्यसुद्धा तिला कशासाठी हवा असतो, तर दोरीवरची बाळाची मुतेली वाळवायला. सूर्य कवितेत आजवर किती थाटात येत आला आहे, आठवा. इथे तो तिच्या कामाला लावला आहे.

दांडियाबाजारची लेक

काका, दहा आणि चोवीसचा हिशोब माझ्या लक्षात आला नव्हता, ते मान्य करते. आता ती कविता मला पहिल्यासारखी वाचता येणार नाही.

पण तुमच्याच हिशोबाने विचारते. त्या वर उरलेल्या चार मात्रा ती कुठून भरून काढते? तिच्या झोपेतून, तिच्या जेवणातून. माझ्या आईची ओटल्यावरची दुपार त्या चारांतलीच होती. कवीने बेरीज बरोबर मांडली, पण वजाबाकी कोणाच्या खात्यातून झाली ते लिहिलं नाही.

वाडीवाली आजी

मी मराठी शाळेत शिकवत असे. यशवंतांवर तू अन्याय करते आहेस, म्हणून लिहायला बसले.

'आई' कोण म्हणतं आहे ते बघ. शाळेतून घरी येणारं मूल. मूल आईला ओळखतं ते तिच्या हातावरून. 'काढून ठेवलेला घास' असं त्या कवितेत आहे, ते विसरलीस का? शाळेतून आल्यावर पोटाशी धरणं, तो घास भरवणं, उष्ट्या तोंडाचा मुका घेणं, तिन्हीसांजेला दिवा लावून 'शुभं करोति' म्हणून घेणं. आईची चार कामं सांगून तिचा सगळा दिवस उभा केला आहे. आणि त्यातली धाकटी ताई? तिला अजून काही कळत नाही, डोळ्यांत पाणी मात्र तरारतं आणि 'आम्हाला आई नाही' हे ती ऐकून घेते. सगळी कविता मला त्या लहान मुलीत दिसते. तीन जगांच्या स्वामीची ओळ लोक तेराव्याला म्हणतात, त्याला कवीचा काय दोष?

एका वर्षी माझ्या वर्गात आई नसलेली मुलगी होती. मी हा धडा गाळून पुढे गेले. दोन दिवसांनी ती मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "बाई, ती कविता घ्या ना. मी घरी धाकट्या भावाला म्हणून दाखवते." नाक-डोळे नाहीत म्हणूनच तिला त्या जागी स्वतःची आई ठेवता आली. तू म्हणतेस तसे पोंक, ओटला घातले असते तर ती तुझ्या आईची कविता झाली असती. तीही हवी. पण हिची जागा ती घेणार नाही.

कारेलीबागेतून

मी ताईंच्या बाजूने आहे, आणि आजींचं वाचूनही तिथेच आहे. 'झपताल'मध्ये त्या बाईला पाच नावं दिली आहेत: सुहासिनी, यक्षिणी, पक्षिणी, संहिता, स्वप्नसती. पाचही सुंदर, नादमधुर. त्यात तिचं स्वतःचं एकही नाही. माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली. घरात मीही सूनबाई, वहिनी, मम्मी आहे, आणि नावाने हाक मारणारं माणूस फक्त ऑफिसात आहे. ही यादी वाचताना कौतुकाने अंगावर काटा येत नाही, गुदमरायला होतं.

पण बाई कवितेत येतच नाही, असं ताईंनी म्हणू नये. बाईने लिहिलं की येते. बहिणाबाई घ्या. नवरा गेल्यावर त्या काय म्हणतात? नशिबाची रेघ माझ्या कुंकवाखाली लपली होती, कुंकू पुसलं गेलं आणि ती उघडी पडली. दोन हात लांबीचा विलाप नाही, 'भिकारी' नाही. आरशात दिसणारं स्वतःचं कपाळ, बस. नवऱ्याच्या मरणाची कविता आहे आणि तिच्यात बघणारीही तीच आहे. त्यांची गाणी १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर पुस्तकात आली. हयातीत कोणी छापली नाहीत, हे ताईंच्या मुद्द्यात आणखी एक भर घालतं.

इंदिरा संतांबद्दलही लिहायचं आहे. त्यांचे पती १९४६ मध्ये गेले, आणि तेव्हापासून आपले लोक त्यांची प्रत्येक कविता विधवेचा हुंदका म्हणून वाचतात. त्यांची 'कुब्जा' घ्या. राधा जागी नाही, गोकुळ जागं नाही, अशा अवेळी कुब्जा ती बासरी ऐकते आणि म्हणते, हे माझ्यासाठी आहे. डोळ्यांतले थेंब सुखाचे आहेत असं कवितेतच आहे. तरी शिकवताना आम्हाला तिथेही पतिवियोगच दाखवला गेला. ज्या बाईला कोणी मोजलं नाही तिला एका पहाटे सगळं विश्व मिळतं, त्या कवितेत मला तुमच्या आई दिसतात, ताई. ओटल्यावर, एकट्या, वाटी हातात.

सुरसागरकाठचा

सगळी चर्चा बायकांवर चालली आहे, म्हणून थोडं वेगळं. घरातला बापही कवितेत दिसत नव्हता. तो दाखवला आपल्याच गावात जन्मलेल्या कवीने. दिलीप चित्रे, जन्म १९३८, बडोदा. त्यांचे वडील 'अभिरुची' मासिक इथूनच चालवत. पुढे कुटुंब मुंबईला गेलं, आणि चित्र्यांच्या 'फादर रिटर्निंग होम' या कवितेत लोकलमधून घरी येणारा एक म्हातारा आहे. पिवळ्या उजेडात मुकाट उभे प्रवासी, भिजलेले कपडे, चिखलाचे डाग पडलेला काळा रेनकोट, पुस्तकांनी फुटायला आलेली पिशवी. घरी येऊन तो पांचट चहा पितो, शिळी पोळी खातो. मुलं त्याला आपल्या गमतीजमती सांगत नाहीत. तो रेडिओची खरखर ऐकत झोपतो.

ताईंचं म्हणणं, आपल्याकडे माणूस गेल्यावर दिसतो. इथे बाप जिवंत आहे. मुलाने त्याला जिवंतपणीच बघितलं आहे आणि आपण त्याच्याशी बोलत नाही, हेही लिहिलं आहे. चहा पांचट होता हे ज्याला आठवतं, त्याने बापाकडे खरंच लक्ष दिलं आहे. माझ्या मते कुटुंबावरच्या नव्या कवितेचा कस इथे लागतो: तपशील कोणाला दोषी ठरवतो? 'झपताल'मधले तपशील कोणालाच दोष देत नाहीत, म्हणून ती वाचून बरं वाटतं. चित्र्यांचे तपशील लिहिणाऱ्याला दोष देतात.

वाडीवाली आजी

पण ती कविता इंग्रजीत आहे ना? माझ्या नातवाकडून ऐकली होती. मला राहून राहून वाटतं, बापाशी घरात जी भाषा बोललो तिच्यात 'आम्ही तुला गमती सांगत नव्हतो' हे लिहिणं फार जड गेलं असतं. हा माझा तर्क. आपल्या भाषेत आपण बापाच्या पाया पडतो, आईला देव म्हणतो. माफी मागायला शब्द शोधावे लागतात.

सुरसागरकाठचा

आजी, तुमचा तर्क मला पटत नाही. चित्र्यांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं, त्यांना मराठीत जड जाण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही भाषा त्यांच्याच होत्या. कवितेची भाषा दुसरी आहे म्हणून बाप दुसऱ्याचा होत नाही.

दांडियाबाजारची लेक

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

आजी, मी हरले. मूल बोलतं आहे हे मी विसरले होते, आणि ताईचं कडवं तर माझ्या पाठांतरातून गळूनच गेलं होतं. आम्ही बहिणींनी काल ते फोनवर एकमेकींना म्हणून दाखवलं. पन्नाशीतल्या आम्ही दोघी, आणि ते 'ऐकून घेणं' आम्हाला आत्ता कळलं.

चित्र्यांची कविता मुलाकडून घेऊन वाचली. तशी कविता आईवर कोणी लिहिली असती तर तेराव्याच्या दिवशी आम्ही चौघं असे उभे राहिलो नसतो, असं वाटत राहतं. कदाचित राहिलोही असतो.

'झपताल'चं मात्र माझं मत तेच आहे. काका, 'अजून समजलेली नाही' यातला 'अजून' मला खटकतो. त्यात वर्षं गेलेली आहेत. पाळणा हलतो आहे, दोरीवर मुतेली आहेत, आणि हा अजून बघतोच आहे. समजत नव्हतं तर विचारायचं होतं. आम्हीही आईला कधी विचारलं नाही, म्हणून हे इतक्या कडूपणाने लिहिते आहे.

ठेक्याचा माणूस

तुमचा राग मला कळतो. पण 'अजून' हा शब्द सोडायला मी तयार नाही. आमच्या विद्येत 'मला समजलं' असं जो म्हणतो त्याचं शिकणं तिथे थांबतं. माझे गुरुजी सत्तरीत झपतालाचा एक कायदा (तबल्यातली एक बांधीव रचना) वाजवून म्हणाले होते, हा मला अजून आला नाही. त्यांच्या 'अजून'मध्ये सकाळचा रियाज होता. कवीच्या 'अजून'मध्ये मी तेच ऐकतो: तो बघायचा थांबलेला नाही.

दांडियाबाजारची लेक

तुमचे गुरुजी रोज तबल्यावर हात ठेवत होते, काका. या कवितेत हात फक्त तिचे चालले आहेत.

या शनिवारी 'झपताल' पुन्हा घेतो आहोत. तबला घेऊन या.