वाकवण्याचं काम कॉर्नियाचं, मग चाळिशी भिंगामुळे कशी?

प्रश्न: डोळ्याच्या साधारण ६० डायॉप्टर (प्रकाश वाकवण्याच्या शक्तीचं एकक) शक्तीपैकी ४३च्या आसपास एकट्या कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची असते. तरी जवळचं दिसेनासं झालं की दोष भिंगाला! शिवाय स्नायू आवळला की भिंग फुगतं म्हणतात. ताण आला तर ते चपटं व्हायला नको का?

प्रतिसाद १: कॉर्नियाची शक्ती मोठी, पण ठरलेली. हवेतून १.३७६ अपवर्तनांकाच्या (प्रकाश किती वाकेल ते सांगणारा अंक) पेशीजालात शिरताना प्रकाश जोरात वाकतो. पाण्याचा अंक १.३३, म्हणून पाण्याखाली ही शक्ती जवळजवळ संपते आणि सगळं धूसर दिसतं. गॉगल फक्त डोळ्यापुढे हवेचा थर राखतो. कमीजास्त होणारी शक्ती भिंगाचीच.
दुसरा घोळ स्नायूच्या आकाराचा आहे. सिलिअरी स्नायू भिंगाभोवती कड्यासारखा असतो. तो आवळला की कडं लहान होतं, भिंग धरून ठेवणारे बारीक धागे सैल पडतात आणि लवचीक आवरणामुळे भिंग आपोआप गोलसर होतं. लांब पाहताना स्नायू सैल, धागे ताणलेले, भिंग चपटं.

प्रश्नकर्ता: म्हणजे वयानुसार स्नायू थकतो? व्यायामाने फरक पडेल?

प्रतिसाद २: नाही. स्नायू बऱ्यापैकी शाबूत असतो, भिंगच हलत नाही. भिंगात जन्मभर नवे तंतू तयार होतात आणि जुने टाकले जात नाहीत, मध्यभागी दाबले जातात. गाभा कडक होतो, मग धागे कितीही सैल सोडा.
हिशोब बघा: २५ सेंमीवर वाचायला भिंगाने फुगून ४ डायॉप्टर जास्तीचे द्यावे लागतात, ५० सेंमीवर २. म्हणूनच पेपर लांब धरला जातो. लहानपणी दहा डायॉप्टरच्या वर असलेली ही फुगण्याची क्षमता पंचेचाळिशीत तीन-चारवर येते, आणि ती सगळीच्या सगळी सतत वापरली तर डोकं दुखणारच. प्लस नंबरवाल्यांनी चष्मा घातला नाही तर लांबचं पाहण्यातच थोडी खर्च होते, त्यामुळे त्यांना त्रास आधी जाणवतो. मायनस ३ वाला मात्र चष्मा काढून ३३ सेंमीवर खुशाल वाचतो.

प्रतिसाद ३: एक चाचणी: कार्डाला सुमारे १ मिमीचं भोक पाडा, भरपूर उजेडात त्यातून एकेका डोळ्याने वाचा. अक्षर स्पष्ट झालं तर बहुधा नंबरचा प्रश्न. तसंच धूसर राहिलं तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा दोष असू शकतो, बाहुली मोठी करून तपासून घ्या. मोतीबिंदू काढून एकाच अंतराचं कृत्रिम भिंग बसवलं असेल, तर ते फुगत नाही. ते लांबच्यासाठी निवडलं असलं की वाचायला चष्मा लागतोच, ऑपरेशन बिघडलं असं नव्हे.