मदत हवी आहे : एकाच मुलीचे दोन बुद्ध्यांक, मग याला शास्त्र म्हणावे का?

शेवंता_पुणे : माझ्या मुलीचा बुद्ध्यांक एका ठिकाणी ८४ आला आणि पाच महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी ९७. दोन्ही अहवालांवर सही-शिक्का आहे. रक्तातील साखर दोन प्रयोगशाळांत थोडीफार वेगळी येते हे मी समजू शकते, परंतु तेरा गुणांचा फरक पडत असेल तर हे शास्त्र आहे की तपासणाऱ्याचे वैयक्तिक मत? शाळेला सोमवारी उत्तर द्यायचे आहे, तेव्हा कृपया नेमके सांगावे.

मोजपट्टी : मुलीचे वय किती, चाचण्या कोणत्या आणि कोणत्या भाषेतून घेतल्या? एवढे कळल्याशिवाय काहीही सांगणे अंदाजपंचे ठरेल.

निवृत्त_मास्तर : उत्तर आपल्या प्रश्नातच आहे. मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल २०१५ साली ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात आला, मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष सांख्यिकीय कसोटीवर उतरले होते, पुनरावृत्तीत मात्र ३६ टक्केच उतरले. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले. आमचा लंबक गावागणिक मत बदलत नाही.

कुंपणावरचा : सर, लंबकाचा आवर्तकालही स्थानपरत्वे किंचित बदलतो, हे आपणच शिकवले असेल. शिवाय ती झाडाझडती मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच घेतली होती. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहा आणि घरातल्यांना शाईचा रंग विचारा. १९३५ साली मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांनी दाखवलेली ती अडखळण आजही दिसते. सगळे मानसशास्त्र एकाच तागडीत कशाला तोलायचे?

आनंदी_पालक : आम्ही बोटांच्या ठशांवरून चाचणी करून घेतली. चाळीस पानांचा रंगीत अहवाल मिळाला आणि मुलाने कोणती शाखा घ्यावी हेही कळले.

मोजपट्टी : ठशांवरून बुद्धिमत्ता कळते याला शास्त्रीय आधार नाही, आणि अहवाल पानांवर जोखू नये. धागालेखिकेने अजून माहिती दिलेली नाही.

शेवंता_पुणे : शाखा कोणी विचारली होती? मुलगी नऊ वर्षांची आहे. पहिली चाचणी मालिन यांची, इंग्रजीतून. दुसरी बिने-कामत, मराठीतून. घरी आम्ही मराठीच बोलतो. पहिल्या वेळी तिला ताप होता, ते लिहायचे राहिले.

मोजपट्टी : मग हे मतभेद नव्हेत, या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. मालिन यांनी नागपूरला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीवरून आपली चाचणी बेतली, तर बिने-कामतमध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात आणि तिचे मूळ प्रमाणीकरण, म्हणजे तुलनेसाठीचे सरासरी गुण ठरवणे, १९३० च्या दशकातील मराठी व कन्नड भाषक मुलांवरचे आहे. पिढ्यांगणिक मुलांचे गुण वाढत गेल्याचे अनेक देशांत दिसले आहे, त्यामुळे अशा जुन्या सरासरीशी तुलना केल्यास आजच्या मुलांचा आकडा फुगण्याची शक्यता असते. उलट ताप आणि परकी भाषा यांनी पहिला आकडा खाली ओढला असणार. खरा आकडा मधे कुठेतरी असावा. चाचणी विश्वसनीय असली तरी तिचे उत्तर एका आकड्यात नसते, पल्ल्यात असते. तो पल्ला अहवालात शोधा.

निवृत्त_मास्तर : मोजमापातली त्रुटी आकड्यासोबत लिहितात म्हणता? तेवढ्यापुरते मान्य. बाकी ३६ टक्के विसरू नका.

शेवंता_पुणे : पहिल्या अहवालाच्या तिसऱ्या पानावर ‘७९ ते ८९’ असे बारीक अक्षरांत छापलेले आहे. शाळेने ते पान उलटलेले दिसत नाही, आणि खरे सांगायचे तर मीही नाही. ताप आणि भाषा यांचा उल्लेख करून, मराठीतून नव्याने चाचणी घ्यावी असे सोमवारी लेखी देते.