गणपतीला गावी जाताना मांजर बोर्डिंगला ठेवावं का?

नेरूळकर

गणपती तोंडावर आले. आमच्या सोसायटीतले निम्मे फ्लॅट चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत रिकामे होतात. आम्हीही चिपळूणजवळ गावी जातो, ते गौरी-गणपती पोचवूनच परततो. दरवर्षी या सुमारास कुणाचा तरी फोन येतो, "मांजर कुठे ठेवू? चांगलं बोर्डिंग सांगा." माझं उत्तर ठरलेलं आहे. ठेवू नका. मांजर घरातच राहू द्या, माणूस तिच्याकडे येऊ द्या.

तीन वर्षांपूर्वी मी आमच्या ठमीला सहा दिवस बोर्डिंगला ठेवलं होतं. जागा स्वच्छ, एसी, माणसं प्रेमळ, रोज फोटो यायचा. प्रत्येक फोटोत ठमी वाळूच्या ट्रेमध्ये अंग चोरून बसलेली. मला वाटलं, आवडली असेल जागा. पिंजऱ्यात लपायला दुसरं काही नसलं की मांजर ट्रेमध्येच जाऊन बसतं, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. त्याच मजल्यावर कुत्री होती, दिवसभर भुंकणं चालू. "थोडं थोडं खातेय" असं मला सांगत होते, प्रत्यक्षात चार दिवस तिने अन्नाला तोंडच लावलं नव्हतं. घरी आणली तेव्हा कानांच्या आतली कातडी पिवळी पडली होती. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृताकडे जाते आणि तिथेच साचून राहते. जाड मांजरांना हा धोका जास्त, आणि ठमी तेव्हा साडेसहा किलोची होती. तीन आठवडे नळीने भरवलं. वाचली.

कुत्र्याला आपली माणसं सोबत असली की कुठेही चालतं. मांजराचा जीव जागेत असतो. सोफ्याचा कोपरा, दाराची चौकट, आपली पिशवी, सगळीकडे ती गाल घासून आपला वास लावून ठेवते. त्या वासातून तिला एकदम उचलून परक्या मांजरांच्या वासात ठेवायचं आणि वर "खात का नाही" म्हणायचं, हे मला पटत नाही.

खारघरची बोकेवाली

ताई, ठमीचं वाचून पोटात कालवलं. तरी तुमचं म्हणणं मला मान्य नाही, कारण माझ्या बोक्याच्या जिवावर बेतलं ते घरातच.

मागच्या मे महिन्यात पाच दिवस बाहेर होतो. रोज सकाळी दहाला एक मुलगा यायचा, वीस मिनिटं थांबायचा. चांगला मुलगा. तिसऱ्या दिवशी त्याने भांडं भरलं, ट्रे पाहिली, "स्वच्छच आहे" म्हणून तशीच ठेवली. ट्रे स्वच्छ होती कारण बोक्याला लघवीच झाली नव्हती. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा बोका बाथरूममध्ये आडवा पडलेला. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते. ती तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कळ काढणारा बोका कुणीतरी पाहिला असता तर आदल्या संध्याकाळीच दवाखाना गाठला असता. तुम्ही म्हणता माणूस तिच्याकडे येऊ द्या. तो माणूस निघून गेल्यावर उरलेले साडेतेवीस तास कोण बघणार?

नेरूळकर

तुमच्या मुद्द्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी दिवसातून दोन फेऱ्या ठरवते आणि ट्रेमधल्या वाळूत लघवीने होणारे गोळे मोजून मेसेज करायला सांगते. सकाळी दोन, संध्याकाळी एक, असे. गोळा नसला की लगेच फोन. पण बोका असता तर मला यावर झोप लागली नसती, हे कबूल.

मानपाड्याची मावशी

मी घोडबंदर रोडला स्वतःच्या घरात मांजरं सांभाळते. पैसे घेते, तेव्हा माझं मत त्या हिशेबानेच वाचा.

नेरूळकर ताई, तुम्ही सांगितलंत ते मांजरांचं बोर्डिंग नव्हतंच. कुत्र्यांच्या जागेत एक पिंजरा मांजराला दिला होता. माझ्याकडे कुत्रा येत नाही, एका वेळी चारच मांजरं, प्रत्येकाला वेगळी खोली किंवा पार्टिशन. पहिल्या रात्री आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका लागतोच, आत मालकाची न धुतलेली चादर. चोवीस तास खाल्लं नाही तर मालकाला फोन, दुसऱ्या दिवशीही नाही तर डॉक्टर. "थोडं थोडं खातेय" हे वाक्य मी वापरतच नाही. किती ग्रॅम घातलं, किती उरलं, ते काट्यावर मोजून कळवते.

लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय दार उघडत नाही. ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीज, दोन्ही वेळेवर हवेत. शेवटचा डोस होऊन किमान दोन आठवडे गेलेले हवेत. लोक यावर चिडतात. पण पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू घरातल्या घरात वर्षभर टिकू शकतो. साध्या साबणाने तो जात नाही, ब्लीच लागतं. लस न झालेलं एक पिल्लू घेतलं तर पुढची कितीतरी पिल्लं त्या खोलीत मरणाच्या दारात जातील. आणि जिथे लादी फिनाईलने पुसतात तिथे मांजर ठेवूच नका. ती पंजे चाटते, ते तिच्या पोटात जातं, आणि तिच्या यकृताला ते पचवता येत नाही. हे घरी येणाऱ्या बाईलाही सांगून जा.

आता घरात ठेवण्याबद्दल. आपल्याकडच्या टॉवरमध्ये गॅलरीला कबुतरांसाठी नायलॉनची जाळी असते. मांजर ती कुरतडतं. नवखा माणूस येतो, "कोंदट झालंय" म्हणून खिडकी उघडतो आणि तशीच ठेवून जातो. नवव्या मजल्यावरून पडलेलं मांजर मी हातात घेतलं आहे.

ऐरोलीचा बाबा

आम्ही सोबत नेतो. गाडीत कॅरिअर, वर ओलं फडकं, निघताना खायला देत नाही. प्रश्नच मिटला.

घणसोलीकर

बाबा, मिटत नाही हो. आम्हीही नेलं होतं. गणपतीतल्या महामार्गावर अकरा तास, कशेडीच्या आधीच तिचा घसा ओरडून बसला. गावच्या घरात तीस माणसं, मागचं दार सदा उघडं. आरतीला झांजा वाजल्या आणि ती रानात पळाली. पाचव्या दिवशी पहाटे आपणहून गोठ्यात आली. ते पाच दिवस आमच्या आईने गणपतीपुढे दुसरं काही मागितलं नाही.

नौपाड्यातला काका

तुम्ही सगळे तरण्या मांजरांबद्दल बोलताय. आमची पंधरा वर्षांची आहे, किडनी अधू. एक दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. शेजारच्या वहिनी तिला जीव लावतात, पण त्यांच्या हातात सुई कशी देऊ? एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यातच ठेवली होती. सुई वेळेवर झाली, पण चहूबाजूंना आजारी जनावरं. परत आल्यावर दोन दिवस ती कपाटामागून बाहेर आली नाही.

यंदा मी जाणार नाही. धाकटा भाऊ गणपती आणेल, मी इथूनच हात जोडेन.

नेरूळकर

काका, तुमचं वाचून गप्प झाले. दुखणाईत मांजराला सुई देणारा हातच हवा, तिथे माझा हट्ट मी सोडते.

ठमीबाबत मात्र बदलणार नाही. सानपाड्याची एक मैत्रीण गणपतीत इथेच असते आणि दिवाळीत नाशिकला जाते. ती आमच्याकडे रात्री झोपायला येते, दिवाळीत मी तिच्याकडे जाते. पैशांचा व्यवहार नाही. सोसायटीच्या गेटवर तिचं नाव आठवडाभर आधी लिहून देते, नाहीतर वॉचमन सोडत नाही. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर, त्याखाली जाड अक्षरात: "ताप वाटला तरी पॅरासिटामॉल देऊ नये." माणसाची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते, आणि मदतीच्या भरात ती कुणीही देईल.

खारघरची बोकेवाली

तुमच्यासारखी रात्री राहणारी मैत्रीण मला नाही ताई, असती तर मीही हेच केलं असतं.

मावशी, बोक्याला चतुर्थीआधी एक रात्र ठेवून बघता येईल का? त्या दुखण्यानंतर त्याचं खाणं वेगळं आहे, लघवीवर नजर ठेवावी लागेल.

मानपाड्याची मावशी

आणा. शनिवारी संध्याकाळी, म्हणजे उजेडात खोली बघून घेईल. लसीचं कार्ड, त्याचंच खाणं, घरचीच वाळू. आणि चादर धुऊ नका.