टायर प्रेशर सेन्सर: टूलला मागचे दोन्ही दिसतात, गाडीला एकही नाही

चौथा_गियर
प्रत्येक चाकात वेगळा सेन्सर असलेली गाडी आहे. मागच्या दोन सेन्सरच्या बॅटऱ्या संपल्या होत्या, म्हणून टायर बदलतानाच तिथे प्रोग्राम करता येणारे युनिव्हर्सल सेन्सर बसवले. पुढचे दोन मूळचेच आहेत. आता इग्निशन चालू केलं की पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटलेलाच राहतो. डिस्प्लेवर पुढच्या चाकांचे ३३ पीएसआय नीट दिसतात, मागे नुसत्या रेघा. चाकाजवळ टूल (सेन्सर वाचायचं आणि प्रोग्राम करायचं हातातलं यंत्र) धरून ट्रिगर दिला, म्हणजे सेन्सरला जागं केलं, की मागचे दोन्ही सेन्सर आयडी (प्रत्येकाचा स्वतःचा ओळख क्रमांक), दाब, तापमान सगळं सांगतात. डॅशबोर्डखालचं रीसेट बटण दाबून झालं, हायवेवर अर्धा तास चालवूनही झाली. टायर पुन्हा उतरवण्याआधी काय तपासायचं?

स्टेपनीवाला
टायरला हात लावू नका, दोष बहुतेक चाकात नाहीच.

आधी दिव्याबद्दल. सुरुवातीला साधारण ६० ते ९० सेकंद लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड, म्हणजे एखाद्या सेन्सरचा पत्ता नाही. न लुकलुकता सरळ पेटला तर हवा कमी. तुमचा पहिला प्रकार आहे, त्यामुळे हवा भरून किंवा सोडून काही होणार नाही.

टूल सेन्सरला १२५ किलोहर्ट्झवर हाक मारतं आणि सेन्सर ३१५ किंवा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. बहुतेक टूल या दोन्ही फ्रिक्वेन्सी ऐकतात. गाडीचा रिसिव्हर मात्र एकच ऐकतो, आणि त्यातही फक्त यादीत नोंदलेल्या आयडींनाच मोजतो. ‘टूलला दिसतो’ याचा अर्थ एवढाच, की सेन्सर जिवंत आहे.

म्हणून दोन गोष्टी ताडून पाहा:

१. पुढच्या मूळ सेन्सरची आणि मागच्या नव्यांची फ्रिक्वेन्सी टूलवर एकच येते का? वेगळी असेल तर प्रोग्राम करताना मॉडेल किंवा वर्ष चुकीचं निवडलं गेलंय. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत सेन्सर बदललेला असू शकतो. फ्रिक्वेन्सी जुळूनही वर्ष चुकलं असेल तर संदेशाची मांडणी जुळत नाही आणि गाडी तो टाकून देते.

२. टूल ओबीडी सॉकेटला (गाडीतला दोष तपासायचा जोड) लावून मॉड्यूलमधले, म्हणजे सेन्सरची यादी ठेवणाऱ्या गाडीच्या कंट्रोल युनिटमधले आयडी वाचा. बहुतेक तिथे अजून मेलेल्या सेन्सरचेच आयडी बसलेले असतील.

आणि ते रीसेट बटण. बऱ्याच गाड्यांत, विशेषतः टोयोटाच्या अनेक जुन्या मॉडेलांत, ते आयडी नोंदवत नाही. ‘आत्ता आहे तो दाब बरोबर समज’ एवढंच सांगतं. हवा कमी असताना दाबलं असेल तर इशाऱ्याची पातळीच खाली आली असेल. म्हणून दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे टायर थंड असताना हवा भरा आणि मग पुन्हा एकदा दाबा.

चौथा_गियर
फ्रिक्वेन्सी चारही ठिकाणी ४३३. मॉडेल-वर्ष पुन्हा पाहिलं, बरोबर आहे. मॉड्यूलच्या यादीत पुढचे दोन आयडी जुळतात, मागचे दोन जुनेच आहेत. आता आयडी गाडीत लिहायचे की सेन्सरमध्ये बदलायचे?

नट_बोल्ट
दोन्ही चालतं. मी ओबीडीने गाडीत लिहीन. पण दुसरा मार्गही सांगून ठेवतो, कारण मेलेल्या सेन्सरचे आयडी यादीतून तुमच्या हाती आयतेच लागलेत. तेच आयडी नव्या सेन्सरमध्ये उतरवले की गाडीला बदल कळतच नाही, मॉड्यूलला हात लावावा लागत नाही. बरेच युनिव्हर्सल सेन्सर टायरमध्ये बसलेले असतानाही व्हॉल्व्हजवळ टूल धरून पुन्हा प्रोग्राम होतात, काही मात्र सुटे असतानाच होतात. आयडीत फक्त ० ते ९ आणि ए ते एफ एवढीच चिन्हं येतात, त्यामुळे ‘ओ’ वाटलं तर ते शून्यच. बी आणि आठच्या आकड्यात गल्लत होते, ती तपासा. काही टूल आयडी दशमान आकड्यांत दाखवतात, तो पर्याय आधी बदलून घ्या.

ओबीडीने लिहायचं तर असं:

– चारही टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा. इंजिन बंद, इग्निशन चालू, दरवाजे बंद. गाडीची बॅटरी मरगळलेली असेल तर चार्जर लावा. लिहिताना व्होल्टेज पडलं की काम अर्धवट राहतं.
– क्रम: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं. डावं-उजवं गाडीत बसून समोर बघताना. टूलवर ‘ड्रायव्हरची बाजू’ लिहिलेलं असेल तर ते डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी असू शकतं. इथे हमखास अदलाबदल होते.
– टूल टायरच्या भिंतीला, व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी धरा. धातूच्या रिमवर टेकवू नका, लहरी अडतात. वाचलं नाही तर गाडी पाव फेरा पुढे घ्या.
– चारही आयडी आले की सॉकेटला जोडून लिहा, मग यादी परत वाचा. टूल ‘झालं’ म्हणालं यावर भागवू नका.
– फॉल्ट कोड पुसा, इग्निशन बंद करून चालू करा, आणि ताशी ४० किमीच्या वर १५-२० मिनिटं चालवा.

उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात. चाक फिरल्यावर साधारण मिनिटाला एक संदेश येतो. सुरुवातीला रेघा दिसल्या तर घाई नको.

ज्या गाड्या नुसत्या चालवून नवे आयडी आपणच शिकतात त्यांना यातलं काहीच लागत नाही. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्या उभ्या उभ्याच शिकतात: लर्न मोड लावला की हॉर्न दोनदा वाजतो, मग प्रत्येक चाकाला एकदा. तिथे एका सेन्सरला २ मिनिटं आणि सगळ्यांना मिळून ५ मिनिटं, त्यापुढे मोड आपोआप बंद पडतो.

हवाबंद
थोडं विषयाबाहेरचं, पण टायर नुकतेच बसवलेत म्हणून. व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा असेल तर आतली पिन निकेल चढवलेलीच हवी. साधी पितळी पिन अॅल्युमिनियममध्ये गंजून अशी धरते की काढताना व्हॉल्व्हच मोडतो. टोपीचंही तेच, धातूची शोभेची टोपी नको. नट साधारण ४ ते ८ न्यूटन-मीटरच्या दरम्यान, सेन्सरसोबत आलेल्या कागदावर असेल तेवढाच, टॉर्क पान्याने. जास्त आवळला तर रबरी वायसर चिरतो आणि हवा हळूहळू जाते, मग पंक्चर शोधत बसता. टायर उतरला की वायसर, नट, पिन, टोपी हा सगळा संच नवा घालायचा.

पंक्चरचं सीलंट आत भरलं असेल तर सेन्सरचं बारीक भोक बुजतं आणि तो जुना दाबच दाखवत राहतो.

पुढचे दोनही आता फार दिवसांचे नाहीत. बॅटरी आत रेझिनमध्ये पुरलेली असते, बदलता येत नाही; आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं. मागचे संपले म्हणजे त्याच वयाचे पुढचे रांगेतच उभे आहेत.

चौथा_गियर
ओबीडीने लिहिलं. मागचं डावं लगेच आलं. उजवीकडे अजून रेघा. गंमत म्हणजे मागच्या उजव्याला पुन्हा ट्रिगर दिला तर एकदा एक आयडी येतो, एकदा दुसराच.

स्टेपनीवाला
डिकीतल्या स्टेपनीत सेन्सर आहे का बघा. पूर्ण आकाराच्या स्टेपनीत कधी कधी मूळचाच असतो, आणि मागच्या चाकाला मारलेली हाक तिच्यापर्यंत पोचते. उत्तर तिने दिलं आणि तिचाच आयडी ‘मागचं उजवं’ म्हणून नोंदला गेला. स्टेपनी बाहेर काढून गाडीपासून चार-पाच मीटर लांब ठेवा, मग ट्रिगर द्या.

खात्री करायची सोपी खूण: मागच्या उजव्या टायरमधून ४-५ पीएसआय हवा सोडा आणि पुन्हा वाचा. ज्या आयडीचा दाब उतरला तो खरा. तोच लिहा, यादी वाचून बघा, आणि हवा परत भरा.

चौथा_गियर
स्टेपनीचाच होता. तिचा दाब २२ आला, तीही भरून घेतली. चारही आकडे आले, दिवा विझला.

नट_बोल्ट
स्टेपनीचा आयडी वहीत वेगळा लिहून ठेवा. पुढच्या वेळी चाकांच्या जागा पुढे-मागे बदलाल तेव्हा क्रम पुन्हा नोंदवावा लागेल, नाहीतर डिस्प्ले पुढच्या चाकाची हवा मागे दाखवेल.