बेसबॉलपटू बक वीव्हरला जन्मभराची बंदी बरोबर होती का? (1919 ची वर्ल्ड सिरीज)

नांदेडचा_थर्डबेस: नमस्कार मंडळी. शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो तेव्हापासून थर्ड बेस (तिसऱ्या बेसजवळची फील्डिंग) माझी जागा, म्हणून बेसबॉलमधले जुने थर्ड बेसमन शोधून वाचायलोय आणि बक वीव्हरपाशी येऊन अडकलो. शिकागो व्हाइट सॉक्सकडून 1912 ते 1920 खेळला. 1919 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची फायनल, त्याच्या टीममधल्या काहींनी जुगारवाल्यांकडून पैसे घेऊन सिनसिनाटी रेड्सला मुद्दाम सोडली, पण ह्यानं त्या सिरीजमध्ये 11 हिट (बॉल मारून बेस गाठणं) मारल्या, अ‍ॅव्हरेज .324 (म्हणजे साधारण दर तीन वेळांत एक हिट), एरर म्हणजे फील्डिंगची चूक एक पण नाही, पैसा घेतला नाही. तरी बंदी तीच, पैसे खाणाऱ्यांच्या रांगेत बसवून. मला हे अजिबात पटत नाही.

सेलूकर: भाऊ, पैसे घेतले नाहीत हे मान्य, पण ठरवाठरवी झाली त्या बैठकीला तो होता आणि क्लबला काही बोलला नाही. ऑगस्ट 1921 मध्ये कोर्टातून सुटले खेळाडू, आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचा सगळ्यात वरचा अधिकारी, कमिशनर लँडिसनं सांगून टाकलं की मॅच विकणारा, विकायची बोलणी करणारा, आणि असल्या बैठकीत बसून गप राहणारा, कुणीच परत खेळणार नाही. तिसरं कलम वीव्हरलाच लागतं. गावच्या टेनिस बॉल टुर्नामेंटची फायनल विकली हे एखाद्याला माहिती असून तो गप बसला, तर बाकी पोरांनी उन्हात पळून काय उपयोग? माझ्या मते लँडिस बरोबर होता.

लातूरची_कोच: दादा, मी पोरींना सॉफ्टबॉल शिकवते म्हणून जरा मैदानावरून सांगते. वीव्हर आधी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) होता, पहिल्या सीझनला एररच एरर, मग उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी बॅटिंग शिकला, 1917 ला थर्ड बेसवर आला. टाय कॉबसारखा तेव्हाचा नामी बॅट्समन त्याच्यावर बंट टाकायचा नाही असं सांगतात. बंट म्हणजे बॅट बॉलला नुसती टेकवायची, बॉल गवतावर मेल्यासारखा लोळत येतो, थर्ड बेसमननं पुढं पळत यायचं, ग्लोव्हनं किंवा उघड्या हातानं उचलायचा आणि वाकल्या अंगानंच फर्स्ट बेसला फेकायचा. आता बघा, 1919 ला फर्स्ट बेसवर गँडिल, कटाचा म्होरक्याच तो! शेजारी शॉर्टस्टॉप रिसबर्ग, तो पण त्यातलाच. वीव्हर जीव तोडून बॉल उचलायचा आणि फेकायचा कुणाकडं, तर गँडिलकडं. रोज ज्यांच्यासोबत खेळायचं, खायचं, त्यांचं नाव वर जाऊन सांगायचं हे बोलण्याइतकं सोपं नाही सेलूकर. चूक आहेच, पण विकणाऱ्याएवढी नाही.

जालना_बेसबॉल: पुढचं पण सांगतो. त्यानं परत घ्या म्हणून अर्जावर अर्ज केले, सगळे फेटाळले, आणि 1956 ला शिकागोतच वारला. मे 2025 मध्ये कमिशनर मॅनफ्रेडनं मेलेल्या खेळाडूंवरची बंदी उठवली, त्यात 1919 च्याच प्रकरणातला जो जॅक्सन आणि सट्टा लावल्याबद्दल बंदी घातलेला पीट रोझ ह्यांच्यासोबत वीव्हर पण सुटला. हॉल ऑफ फेमसाठी (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी) मात्र त्याचे आकडे कमीच पडतात, करिअरच अर्धं राहिलं ना.

नांदेडचा_थर्डबेस: ताई, फर्स्ट बेसवरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, लई भारी सांगितलं. सेलूकर, शिक्षा नकोच असं मी म्हणत नाही, पण 1920 मध्ये ह्या माणसानं 208 हिट मारल्या होत्या, वय 30, फॉर्म एकदम जोरात. गप बसला म्हणून दोन वर्षं बाहेर बसवायचं होतं. तीन वर्षं म्हणलं तरी तुम्हाला कमीच वाटतील का?